धावत्या भिंती आणि एक कॅमेरा

भिंतीवर कोळशाने किंवा विटेच्या तुकड्याने काही लिहिले नाही असा पोरगा आपल्या गावात शोधून सापडावयाचा नाही. शाळेची भिंत म्हणा, चावडीची म्हणा, नुकता चुना लावलेला असला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर एखादा हत्ती, एखादे नाव, नाहीतर खुद्द गुरुजींची मिशाळ स्वारी उमटलेली असते. गुरुजी विचारतात, "कोणी काढले रे हे?" आणि सगळा वर्ग जमिनीकडे बघू लागतो. आज ज्या हकिगतीविषयी मी बोलणार आहे ती याच जातीची आहे. फक्त ती घडली न्यूयॉर्क शहरात. भिंतीच्या जागी तेथे आगगाडीचे डबे होते, आणि गुरुजींच्या छडीच्या जागी पोलीस, राखणीची कुत्री आणि काटेरी तारा होत्या. आणि या साऱ्या धामधुमीत एक बाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. गुन्हा नोंदवायला नव्हे, चित्र नोंदवून ठेवायला. त्यांचे नाव मार्था कूपर.

भिंतीवरच्या असल्या लिखाणाला आणि चित्रांना ग्राफिटी म्हणतात. शब्द मूळचा इटालियन, ओरखड्याच्या अर्थाचा. प्रकार फार जुना आहे. रोमन लोकांच्या पाँपेई नगरीच्या भिंती असल्या ओरखड्यांनी भरलेल्या सापडल्या. लांब कशाला जा, आपल्या अजिंठ्याला दहाव्या लेण्यात १८१९ साली शिकारीसाठी आलेल्या स्मिथ नावाच्या एका इंग्रज लष्करी अंमलदाराने प्राचीन चित्रावर आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली. लेणी जगाच्या नजरेस आणणारा म्हणून त्याचे नाव घेतात, आणि चित्र विद्रूप करणाराही तोच! तेव्हा भिंतीवर नाव लिहिणारा माणूस नेहमीच गरीब, अडाणी किंवा वात्रट पोर असतो असे काही समजू नये.

या ओरखड्यांकडे कॅमेरा वळविण्याचे काम कूपरबाईंच्या अगोदर काहींनी केले होते. पॅरिसमध्ये ब्रासाय नावाचा छायाचित्रकार होता. जन्माने तो ट्रान्सिल्व्हानियाचा, हंगेरियन भाषा बोलणारा. १९३० नंतरच्या वर्षांत तो पॅरिसच्या गल्ल्यांतून हिंडून भिंतींवर खरवडलेले चेहरे, बाण मारलेली हृदये, कवट्या टिपू लागला. खिशातल्या छोट्या वहीत तो त्या भिंतीचा पत्ता लिहून ठेवी आणि काही वर्षांनी तेथे परत जाऊन बघे, चेहऱ्याचे काय झाले म्हणून. न्यूयॉर्कमध्ये हेलन लेव्हिट नावाच्या बाई १९३७ च्या सुमारास गरीब वस्तीतल्या मुलांना चित्रकला शिकवीत असत. शाळेत जाता-येता त्यांच्या लक्षात आले की, पोरांची खरी चित्रे वर्गातल्या कागदावर नाहीत, ती रस्त्यावर खडूने काढलेली आहेत. त्यांनी ती टिपण्यास सुरुवात केली. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. १९५६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ब्रासायच्या भिंतींचे प्रदर्शन मांडले, लोक आदराने ते पाहून गेले. पुढे पंधरावीस वर्षांत त्याच शहराच्या स्वतःच्या भिंती बोलू लागल्या, तेव्हा मात्र तो आदर कोणाला आठवला नाही.

आता त्या बोलण्याची सुरुवात ऐका. फिलाडेल्फिया शहरात काही मुले १९६० नंतर आपली टोपणनावे भिंतींवर लिहीत होती. न्यूयॉर्कमध्ये ती लाट आली आणि 'टाकी १८३' या नावाने ती सर्वांच्या डोळ्यांत भरली. टाकी हे ग्रीक वंशाच्या एका मुलाचे लाडके नाव, आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. हा मुलगा पत्रे-पाकिटे पोहोचविण्याचे काम करी, त्यामुळे शहरभर हिंडे, आणि जाईल तेथे जाड शाईच्या पेनने नाव लिही. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर मजकूर छापला. झाले! शेकडो पोरांना वाटले, आपलेही नाव असे का पसरू नये? ज्याला शहरात कोणी ओळखत नाही, ज्याच्या घराचे नाव पाटीवर नाही, त्याच्या हाती एक पेन आले आणि त्याचे नाव लाखो लोक वाचू लागले.

मग नावासाठी गाडी हवी हे त्यांनीच शोधून काढले. भिंत जागची हलत नाही, तिच्यावरचे नाव त्या गल्लीपुरते. पण न्यूयॉर्कची शहरी रेल्वे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. मधल्या भागात ती जमिनीखालून जाते म्हणून तिला भुयारी रेल्वे म्हणतात, पण ब्राँक्स आणि ब्रुकलिन या भागांत ती बरीचशी उंच लोखंडी खांबांवरून, घरांच्या माड्यांच्या बरोबरीने जाते. ब्राँक्समध्ये रात्री रंगविलेला डबा सकाळी ब्रुकलिनमधल्या अनोळखी पोराच्या डोळ्यांपुढून जाई. जणू पत्र लिहून ते साऱ्या शहराला एकदम पाठवावे. ही मुले स्वतःला चित्रकार म्हणवीत नसत. ती स्वतःला लेखक म्हणवीत. त्यांच्या दृष्टीने हे लिहिणेच होते. अक्षर मात्र असे वळवायचे, पिळायचे, एकमेकांत गुंतवायचे की, परक्याला ते वाचताही येऊ नये. आपल्याकडे मोडी लिपी येत नसलेल्या माणसाने जुने दप्तर उघडले तर त्याची जी गत होईल, तीच फलाटावर उभ्या असलेल्या साहेबाची होई.

काळही कसा होता ते सांगितले पाहिजे, नाहीतर हे सारे पोरकट वाटेल. १९७५ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली आणि शहर दिवाळे काढण्याच्या बेतात आले. नोकर कमी केले, दुरुस्त्या थांबल्या. दक्षिण ब्राँक्समध्ये घरांना आगी लागत, कित्येकदा मालकच विम्याच्या पैशासाठी त्या लावीत, आणि गल्लीच्या गल्ल्या पडक्या विटांचे ढिगारे होऊन गेल्या. या ढिगाऱ्यांतून खेळत मोठी झालेली ही मुले. बहुतेक काळी, पोर्तो रिकोची, काही गोरी, काही नुकती बाहेर देशांतून आलेली. लेडी पिंक या नावाने लिहिणारी एक मुलगी एक्वादोरमध्ये जन्मलेली होती. मुलींची संख्या अगदी थोडी, म्हणून तिचे नाव मुद्दाम घेतो.

कूपरबाई या गोष्टीत शिरल्या त्या बाहेरून. त्यांचा जन्म १९४३ चा, बाल्टिमोर शहरातला. वडिलांचे कॅमेऱ्याचे दुकान होते, त्यामुळे कॅमेरा लहानपणापासून हातात. शिक्षण झाल्यावर त्या थायलंडमध्ये इंग्रजी शिकविण्यास गेल्या, आणि तेथून घरी यायचे म्हणून मोटारसायकलवर बसून बँकॉकहून लंडनपर्यंत आल्या! मग ऑक्सफर्डला मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. म्हणजे माणसे कशी राहतात, काय गोंदवून घेतात, काय खेळतात, याचा अभ्यास. पुढे काही काळ जपानात राहून तेथील गोंदणाची त्यांनी छायाचित्रे घेतली. १९७७ मध्ये त्या 'न्यूयॉर्क पोस्ट' या वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून लागल्या. दिवसभर आग, अपघात, खून, पुढाऱ्यांच्या सभा टिपायच्या, आणि परत येताना फिल्म शिल्लक असली की पूर्वेकडच्या गरीब वस्तीत थांबून मुलांचे खेळ टिपायचे. त्या पडक्या वस्तीत मुले काय काय करीत! टाकून दिलेल्या फळ्या आणि चाके जोडून गाडे करीत, फेकलेल्या गाद्यांवर उड्या मारीत. कूपरबाईंना या कल्पकतेचे वेड लागले होते.

अशाच एका मुलाने त्यांना आपली वही दाखविली. वहीत त्याने आपले टोपणनाव पुन्हा पुन्हा काढलेले होते, प्रत्येक वेळी अक्षराचे वळण निराळे. त्याने समजावून सांगितले की, हे नुसते खरडणे नव्हे. आधी वहीत आराखडा होतो, रंग ठरतात, आणि मग ते भिंतीवर जाते. बाई चकित झाल्या. इतकी वर्षे त्याच भिंतींवरून त्यांची नजर घसरत गेली होती आणि ती नावे आहेत, एकेका मुलाची नावे आहेत, हे त्यांना कळलेच नव्हते. मुलगा म्हणाला, तुम्हाला राजाला भेटायचे आहे काय? 'राजा' म्हणजे या लेखकांतला श्रेष्ठ. हा राजा निघाला ब्रुकलिनचा डोंडी. खरे नाव डोनाल्ड व्हाइट, जन्म १९६१ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा.

डोंडीचा विश्वास बसला, आणि १९८० साली एका रात्री तो कूपरबाईंना आपल्याबरोबर रेल्वेच्या यार्डात घेऊन गेला. कुंपणातून आत शिरायचे, उभ्या गाड्यांच्या रांगांमधून चालायचे, आणि चालताना वीज वाहणाऱ्या तिसऱ्या रुळापासून पाय जपायचा. त्या रुळात सहाशे व्होल्टच्या वर वीज असते, आणि त्यावर पडून मेलेली मुले होती. खेळ नव्हता हो. डोंडीने त्या रात्री एक अख्खा डबा, खिडक्यांसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगविला. डब्याची लांबी सुमारे पन्नास फूट. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत, मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट. शिडी नाही. एक पाय या गाडीच्या अंगावर, दुसरा पाय त्या गाडीच्या अंगावर, असा अधांतरी उभा राहून तो वरच्या पट्ट्यावर रंग फवारतो आहे असे कूपरबाईंचे एक छायाचित्र आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत बोलके छायाचित्र होय. त्यात अक्षर पुरते दिसतसुद्धा नाही. दिसते ते एका पोराचे काम करणारे शरीर.

कामाची रीत अशी असे. प्रथम फिक्या रंगाने आराखडा, मग आत रंग भरणे, मग पार्श्वभूमी, आणि शेवटी गडद रंगाने स्वच्छ बाह्यरेषा. रंगाच्या डब्याचे तोंड बारीक असते, त्यातून फवारा बारीक येतो. म्हणून ही मुले दुसऱ्या कुठल्या तरी फवाऱ्याच्या डब्याचे तोंड काढून रंगाच्या डब्यास बसवीत, की फवारा रुंद पडला. रंग बहुधा दुकानातून उचललेलेच असत. ते लपविण्यात अर्थ नाही आणि कूपरबाईंनीही ते कधी लपविले नाही.

त्याच वर्षी बाईंनी वृत्तपत्राची नोकरी सोडली. या गाड्यांच्या मागे लागायचे तर दुसरे काम होईना. त्यांची पद्धत निराळी होती. ब्राँक्समध्ये उंच मार्गाच्या कडेला एखादी मोकळी जागा, पडक्या घरांमधली, त्या शोधून ठेवीत आणि तेथे तासन्‌तास उभ्या राहत. शेतकरी जसा पाण्याच्या पाळीची वाट बघतो तशी वाट बघायची. गाडी केव्हा येईल ते माहीत, पण रंगविलेला डबा तिच्यात असेल की नाही हे माहीत नाही. असला तर रंगविलेली बाजू आपल्याकडे येईल की पलीकडे, ते ठाऊक नाही. ऊन सकाळी एका बाजूवर, दुपारनंतर दुसऱ्या. सगळे जुळले तर हाती सापडतात थोडे क्षण. आणि त्यांना नुसता डबा नको होता. डब्यामागची जळकी घरे, वाळत घातलेले कपडे, आकाश, हे सारे चौकटीत हवे होते, कारण त्या म्हणत की हे चित्र या शहराचे आहे. मुले रात्री काम संपले की पहाटे त्यांना दूरध्वनी करीत आणि कोणत्या मार्गावर गाडी निघेल ते कळवीत. चित्र किती दिवस टिकेल याचा नेम नसे. काही महिनोन्‌महिने फिरली, काही त्याच दिवशी धुतली गेली.

त्यांच्याप्रमाणेच आणखी एक माणूस गाड्यांच्या मागे होता. हेन्री चॅल्फंट, जन्म १९४०, धंद्याने शिल्पकार. यांची तऱ्हा अगदी उलटी. हे समोरच्या फलाटावर उभे राहत. गाडी स्थानकात थांबली की एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत, भराभर एकावर एक अशी चारपाच छायाचित्रे घेत, मग ती घरी कापून जुळवीत. अख्खा डबा सरळ, सपाट, जणू मोजपट्टी लावून काढलेला. मागची घरे नाहीत, माणसे नाहीत, केवळ चित्र. असे आठशेंच्या वर डबे त्यांनी जमविले. शिल्पकाराची नजर ती! कूपरबाईंच्या छायाचित्रात गाडी शहरातून जाते, चॅल्फंट यांच्या छायाचित्रात गाडी जागच्या जागी उभी राहून स्वतःला वाचू देते. मला विचाराल तर दोन्ही पाहिजेत. शिलालेखाचा ठसाही हवा, आणि तो ज्या डोंगरावर आहे त्या डोंगराचे चित्रही हवे. आरंभी दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते आणि एकमेकांकडे जरा संशयानेच बघत. १९८० च्या सप्टेंबरात चॅल्फंट यांनी आपली छायाचित्रे एका कलादालनात मांडली तेव्हा शहराच्या चारी कोपऱ्यांतून पोरे आली. आपलेच काम भिंतीवर टांगलेले त्यांनी प्रथम पाहिले. कित्येक जण परस्परांना केवळ डब्यावरच्या नावाने ओळखत होते, ते त्या दालनात समोरासमोर आले.

आता दुसरी बाजू. ती न सांगितली तर मी लबाडी केली असे होईल. त्या गाड्यांतून रोज कामावर जाणारी माणसे होती. त्यांना हे सौंदर्य दिसत नव्हते. डब्याच्या बाहेर एखादे सुंदर चित्र असले तरी आतल्या भिंती, नकाशे, खिडक्यांच्या काचा, सगळे काळ्या शाईच्या सह्यांनी बरबटलेले असे. स्थानक कोणते आले ते काचेतून दिसत नसे. दिवे बंद, दारे अडकलेली, वेळेवर गाडी नाही, आणि त्यावर हे रंग. थकूनभागून रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला त्यातून एकच अर्थ लागे, की या गाडीवर कोणाची सत्ता राहिलेली नाही. महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत, १९७२ मध्ये, याविरुद्ध कायदा झाला. पुढे १९७७ पासून गाड्या तीव्र रसायनांनी धुण्यास प्रारंभ झाला. त्याने रंग पुरता जाईना, नुसता फासला जाऊन डब्यावर मळकट डाग उरे. १९८१ मध्ये महापौर एडवर्ड कॉच यांच्या आग्रहाने एका यार्डाभोवती दुहेरी कुंपण घालून मध्ये कुत्री सोडली आणि डबे पांढरे रंगविले. पांढरा डबा म्हणजे या पोरांना नवी कोरी पाटीच की!

चॅल्फंट यांनी टोनी सिल्व्हर या दिग्दर्शकाबरोबर 'स्टाइल वॉर्स' नावाचा माहितीपट केला, तो १९८३ चा. त्यात महापौर बोलतात, पोलीस बोलतात, रेल्वेचे लोक बोलतात. पण मनात राहतो तो एक प्रसंग. स्कीम नावाचा एक मुलगा आणि त्याची आई आपल्या घरात बसून वाद घालतात. ती म्हणते यात तुला मिळते काय, आणि तो तिला समजावतो की माझे नाव सगळीकडे गेले पाहिजे, दुसऱ्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी आणि माझ्या सोबत्यांसाठी. आई चिडलेली आहे आणि तिला हसूही येते आहे. दोघांतले कोणीही खोटे बोलत नाही. आणखी एक मुलगा त्यात आहे, कॅप नावाचा. तो इतरांच्या सुंदर चित्रांवर चार रेघोट्यांत आपले नाव फासून ती बिघडवितो आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो. म्हणजे या लेखकांच्या जगातही त्यांना छळणारा कोणी होताच.

हा सारा प्रकार किती गंभीर होता हे १९८३ च्या सप्टेंबरात दिसून आले. मायकेल स्टुअर्ट नावाच्या पंचवीस वर्षांच्या काळ्या तरुणाला स्थानकाच्या भिंतीवर लिहीत होता या आरोपावरून पोलिसांनी रात्री पकडले. त्यांच्या ताब्यात असतानाच तो बेशुद्ध झाला आणि तेरा दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. सहा पोलिसांवर खटला झाला, १९८५ मध्ये सगळे निर्दोष सुटले. भिंतीवरच्या एका ओळीची किंमत काय असू शकते, हे त्या शहरातल्या प्रत्येक आईला त्या दिवसापासून ठाऊक झाले.

याच वर्षांत कीथ हेरिंग हा तरुण चित्रकार निराळ्याच मार्गाने चालला होता. स्थानकांत जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवीत. हेरिंग त्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्र काढी. रांगणारे मूल, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे. आपल्या फळ्याची आठवण व्हावी! कागदावर नवी जाहिरात लागली की चित्र गेले. म्हणून हेरिंग घरी जाऊन आपला मित्र त्सेंग क्वाँग ची यास कळवी, अमुक स्थानकावर अमुक ठिकाणी काढले आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेला हा छायाचित्रकार मग कॅमेरा घेऊन निघे आणि सारी स्थानके पालथी घाली. दोघेही १९९० साली, थोड्याच दिवसांच्या अंतराने, एड्सने वारले. खडूची ती चित्रे आज आपल्याला दिसतात ती बहुतेक त्सेंगच्या पायपिटीमुळे.

इकडे कूपरबाई आणि चॅल्फंट यांनी भांडणाऐवजी भागीदारी केली. दोघांची छायाचित्रे मिळून एक मोठा नमुना ग्रंथ हाताने चिकटवून तयार केला आणि प्रकाशकांची दारे ठोठावली. अमेरिकेतल्या एकेका प्रकाशकाने नकार दिला. शहरात ज्या गोष्टीवर लोक दात खातात तिचे पुस्तक कोण छापणार? शेवटी तो जड नमुना काखेत मारून दोघे जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या पुस्तकजत्रेस गेले, आणि लंडनच्या टेम्स अँड हडसन या संस्थेने ते घेतले. 'सबवे आर्ट' हे पुस्तक १९८४ साली निघाले. सुरुवातीला त्याने काही पैसा दिला नाही. पण ते भलत्याच वाटेने गेले. लंडन, बर्लिन, अॅमस्टरडॅम, मेलबर्न येथल्या पोरांनी ते दुकानांतून पळविले, पाने फाडून घेतली, एकेका अक्षराचे वळण गिरविले. कित्ता पुढे ठेवून बाळबोध अक्षर घोटावे तसे! बऱ्याच देशांत या पोरांत त्याला बायबल म्हणू लागले.

आणि येथेच कूपरबाईंवर आरोप झाला की, जो उपद्रव एका शहरापुरता होता तो तुमच्या पुस्तकाने जगभर पसरविला. आरोप अगदी खोटा नाही. छायाचित्र घेणारा नुसता साक्षीदार राहतो, असे आपण म्हणतो खरे, पण साक्षीदाराचे बोलणे ऐकून दुसरे तसे वागू लागले तर तो कितीसा वेगळा उरतो? कूपरबाई यावर फार वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते. मी हे काढले नाही, पण हे घडत होते, ते नाहीसे होणार होते, आणि मुले इतके कष्ट घेऊन काय करीत होती हे कोणीतरी जपून ठेवायला हवे होते. मला त्यांची बाजू पटते, पण त्या गाडीत रोज बसणाऱ्या माणसाची तक्रार त्यामुळे खोटी ठरते असे मात्र मी म्हणणार नाही.

नाहीसे होणार हे त्यांचे अनुमान खरे ठरले. १९८४ साली डेव्हिड गन हे शहर रेल्वेचे प्रमुख झाले. त्यांनी एक साधा नियम केला. जो डबा एकदा स्वच्छ करून रुळावर आणला, त्यावर पुन्हा काही उमटले तर तो धुतल्याशिवाय प्रवाशांसाठी सोडायचा नाही. रंगविले तरी ते कोणी बघणार नाही, मग रंगवायचे कशाला? पोलिसांच्या दंडुक्याने जे झाले नाही ते या एका हिशेबाने झाले. एकेक मार्ग स्वच्छ होत गेला आणि १२ मे १९८९ रोजी शेवटची रंगविलेली गाडी रुळावरून काढण्यात आली. गाड्या वेळेवर धावू लागल्या, प्रवासी खूश झाले. ज्या चित्रांसाठी पोरांनी रात्री जागविल्या त्यांतले एकही मूळ चित्र रुळावर राहिले नाही.

भिंतींचे दिवस मात्र पालटले. पोरे गाड्या सोडून भिंतींकडे वळली, काही कलादालनांत गेली, काहींची चित्रे आता मोठ्या किमतीला विकली जातात. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या एका जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षे रंगविल्या जात. २०१३ च्या नोव्हेंबरात मालकाने एका रात्रीत साऱ्या भिंतींना पांढरा रंग फासला. एकवीस चित्रकार न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना सदुसष्ट लाखांहून अधिक डॉलर भरपाई देवविली. चित्रे तर नष्ट झालेली. मग त्यांची योग्यता न्यायाधीशांनी ठरविली कशावरून? पुराव्यात मांडलेल्या छायाचित्रांचाच तेथे मोठा आधार झाला. म्हणजे एके काळी ज्या छायाचित्राने पोलिसांना पोर सापडले असते, तेच छायाचित्र आता पोराच्या बाजूने साक्ष देऊ लागले.

डोंडी १९९८ मध्ये वारला, वय अवघे सदतीस. कूपरबाई पुढेही भिंती टिपीत राहिल्या, सत्तरी उलटल्यावरही तरुण पोरांबरोबर रात्री कुंपणापाशी गेल्या. त्यांच्यावर २०१९ साली एक चित्रपट निघाला आणि बर्लिनच्या एका संग्रहालयात त्यांच्या नावाने ग्रंथालय झाले.

आणि डबे? त्यांचीही हकिगत आहे. ब्राँक्सच्या उंच मार्गांवरून धावणाऱ्या जुन्या डब्यांपैकी पुष्कळांना १९८४ नंतर गडद तांबडा रंग देण्यात आला, त्याखाली जुनी चित्रे गाडली गेली. लोक त्यांना तांबडे पक्षी म्हणू लागले. २००१ पासून ते निकालात निघाले. तेव्हा त्यांची चाके, काचा, दारे, बाके काढून घेतली, सांगाडे तराफ्यांवर चढविले आणि अटलांटिक महासागरात नेऊन, माशांना आसरा व्हावा म्हणून, एकेक करून पाण्यात ढकलून दिले. असे बाराशेंच्या वर डबे बुडाले. एकट्या डेलावेअर राज्याच्या किनाऱ्यापुढे सातशे चौदा आहेत. पाणबुडे तेथे उतरतात. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून मासे आतबाहेर करीत असतात, आणि शिंपल्यांनी डब्यांची अंगे झाकून गेली आहेत.